जर्मनचा पेला

१

मैदानाच्या कडेला तारेवर खेळाडूंचे सात निळे बनियन वाळत होते. सहा नुसते वाळत होते. सातव्याच्या गळ्यात माळ होती, आणि ती फुलांची नव्हती. अफूची वाळकी बोंडं सुतळीत ओवून कुणीतरी अगदी निगुतीनं ती अडकवली होती. बनियन कप्तानाचा होता, बब्रुवानचा.

चांगुणा आया हातातला झाडू टाकून दवाखान्याकडं पळत सुटली. "बाई, घात झाला! बब्रुवानच्या बनियनला अफूची माळ घातलीया कुनीतरी. समदा कारखाना गोळा झालाय बगा!"

गजराबाई सिस्टर सुया उकळत होती. तिनं स्टोव्ह बंद केला आणि तशीच उभी राहिली. तिच्या मनात आलं, अरे, हा नव्हे! तो हा नव्हेच! आणि हे तिला कुणालाही सांगता येणार नव्हतं.

आता हे काय गौडबंगाल आहे ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही माझ्यावरच डाफराल.

साल दुष्काळाचं. लोक खडी फोडत होते आणि सुकडी खाऊन दिवस ढकलत होते. मांजरथडी सहकारी साखर कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघायचा बंद झाला होता, कारण शेतात उसाचं टिपरू नव्हतं. पण चेअरमन नानासाहेबांनी कबड्डीचा संघ काही मोडू दिला नाही. सात गडी कारखान्याच्या पगारावर. कागदावर ते हंगामी कामगार, पण त्यांनी जन्मात कधी मोळी उचलली नव्हती. त्यांचं काम एकच, कबड्डी खेळायची आणि कारखान्याचं नाव काढायचं.

आदल्या वर्षी यातलाच एक गडी भर सामन्यात डोळे फिरवून पडला. हायवेवरच्या ट्रकवाल्यांकडून अफू घेऊन खायचा. दुखणं कळत नाही, दम टिकतो म्हणून. वाचला, पण खेळ संपला. तेव्हा कारखान्याचे डॉक्टर पंचाक्षरी नानासाहेबांपुढं हटून बसले आणि एक नियम करून घेतला. डॉक्टर अधूनमधून सगळ्यांना तपासणार. पहिल्यांदा कुणी सापडला, तर त्याचं नाव दवाखान्याच्या भिंतीबाहेर जाणार नाही. त्यानं औषध घ्यायचं आणि खेळत राहायचं. दुसऱ्यांदा सापडला, तर गाठोडं बांधून घरी. "नाव फुटणार असेल तर माझ्याकडं कुणी येणारच नाही," डॉक्टर म्हणाले होते. "मग ते मेल्यावरच तपासायचं का मी त्यांना?"

आणि यंदा एक जण सापडला होता. कोण, ते फक्त डॉक्टरांना, गजराबाईला आणि त्याचं त्याला ठाऊक. त्याचं नाव मीही तुम्हाला सांगणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

कुणाला संशय येऊ नये म्हणून रोज सकाळी सातही जणांना 'ताकदीचं औषध' दिलं जाई. एकेकानं पडद्याआड जायचं, पेला रिकामा करायचा आणि मागच्या दारानं निघायचं. सहा जणांना लोहाचं गोड टॉनिक, एकाला अफू सोडवायचं कडू औषध. त्या औषधातही थोडा अफूचाच अर्क, रोज कमी कमी करत नेलेला. दवाखान्यात स्टीलचे पेले सहाच होते. म्हणून कडू औषधाला एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला ठेवला होता. वास जाता जात नसे त्याचा. चुकून त्यात कुणी चहा पिऊ नये म्हणून गजराबाई तो धुऊन बाजूला, आतल्या खोलीच्या खिडकीत पालथा घालून ठेवी.

ती मैदानावर पोचली तेव्हा गर्दी नुसती कुजबुजत होती. बब्रुवान बनियनसमोर उभा होता. उंचापुरा गडी, पण तोंडावर रक्त म्हणून नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "काढ की रं ती माळ!"

"म्या न्हाय काढनार," बब्रुवान म्हणाला. "ज्यानं घातली, त्यानंच काढायची."

२

नानासाहेबांचा पारा चढला होता. समोर डॉक्टर, गजराबाई आणि संघाचे मास्तर आबाराव. आबाराव तामलवाडीचे, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. संघ त्यांनीच घडवला, हे त्यांचा शत्रूही नाकारणार नाही.

"उद्या येरमाळ्याला यात्रेतला फायनलचा सामना," नानासाहेब म्हणाले. "अफूबाज कप्तान घेऊन येडाई देवीच्या दारात जाऊ का मी? डॉक्टर, मला बाकी काही नको. बब्रुवान आहे का नाही, एवढंच सांगा."

"सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"अहो, नसेल तर नाही म्हणा! त्यात काय जातंय?"

"आज एकाचं 'नाही' म्हणालो, की उद्या तुम्ही दुसऱ्याचं विचारणार. परवा तिसऱ्याचं. आणि मी जिथं गप्प बसेन, तिथं तो सापडला. मग नियम राहिला कुठं?"

आबाराव ताडकन बोलले, "हा नियमच खोटा आहे, नानासाहेब! माझ्या संघात कोण काय खातो, ते मलाच कळू नये? पोरं मी घडवली. आणि माहिती कुणाला, तर या बाईंना!"

"म्हणजे नाव सिस्टरबाईंनी फोडलं म्हणता?" नानासाहेबांनी विचारलं.

"मी कशाला कुणाचं नाव घेऊ? पण माहिती असणारी माणसं किती, ते तुम्हीच बघा."

गजराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो शहाण्यांनो, आम्ही फोडलं असतं तर खरं नाव तरी फोडलं असतं! पण तेच तर बोलायचं नव्हतं. स्वतःची सुटका करणारं एकच वाक्य तिच्याजवळ होतं, आणि ते दुसऱ्याचा गळा कापणारं होतं.

नानासाहेब उठले. "उन्हं कलली की मैदानावर सगळ्यांना बोलवा. तोवर दवाखान्यानं तोंड उघडलं नाही, तर बब्रुवान संघाबाहेर, नोकरीबाहेर. आणि दवाखान्यात कोण राहणार, तेही मग बघू."

बाहेर आल्यावर डॉक्टर पायरीवरच बसले. "गजराबाई, मी राजीनामा देतो. पण बोलणार नाही."

"तुमच्या राजीनाम्यानं बब्रुवानच्या गळ्यातली माळ निघंल का?" ती फणकारली. "बसा तुम्ही इथंच. मी बघते."

काय बघणार होती, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

३

दवाखान्याच्या ओट्यावर एक म्हातारी येऊन बसली होती. सखूबाई, बब्रुवानची आई. बेंबळीच्या खडीच्या कामावर तिला बातमी कळली, तशी हातोडा टाकून एका ट्रकमध्ये बसून आली. केसांत, भुवयांत खडीची पांढरी धूळ. एरवी तिला पाहून गजराबाईला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटायचं. आज वाटलं, मागच्या दारानं पळून जावं.

"गजरा," म्हातारीनं तिचा हात धरला. "तू आपली हायेस. एकाच इहारात वंदनेला बसतो आपन. माझ्या लेकानं कदी इडीला हात लावला न्हाय, आन् ह्ये अफू? तुला समदं ठावं हाय. एक शबूद टाक, पोरी. न्हाय म्हन. येवढंच म्हन."

"मावशी, मला बोलता येत न्हाय."

"का गं? माझ्या लेकाच्या पगारावर चार तोंडं हायती. उद्या त्यालाबी खडी फोडाया लावू का?"

"मावशी, तुमच्या पाया पडते..."

"पाया नगं पडूस. बोल!"

गजराबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण तोंड उघडलं नाही. म्हातारीनं तिचा हात सोडला. तो सोडणं गजराबाईला थपडेहून जास्त लागलं.

"व्हय," सखूबाई कडवट हसली. "तूबी त्यांच्यातलीच झालीस. माझं पोर समद्यांचं सोशीत आलंय. संघ पयला जितला तवा आबाराव मास्तरानं समद्यास्नी तामलवाडीला घरी च्याला नेलं. सा जनांना कपबशा. माझ्या बब्रुवानला गोठ्याच्या भिंतीत ठिवलेला येगळा पेला. मला म्हनला, 'आये, जाऊ दी, मास्तर खेळ चांगला शिकिवत्यात.' जाऊ दी म्हनला! तवाच उठून आला असता तर..."

ती पुढंही बोलत होती, पण गजराबाईला ऐकू येणं थांबलं होतं. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. खिडकीत जर्मनचा पेला पालथा होता. बाकीचे सहा फळीवर एकत्र, आणि हा एकटा, वेगळा.

आई गं! तिनं कपाळावर हात मारला. लहानपणी गावात तिला पाणी मिळायचं ते अशाच पेल्यातून. पाटलाच्या ओसरीच्या वळचणीला पालथा घातलेला असायचा. आणि आज तिनं स्वतःच्या हातानं, औषध म्हणून का होईना, एक पेला वेगळा मांडून ठेवला होता! तिच्या मनातही आलं नाही, की हा पेला बाहेरचं माणूस कुठल्या डोळ्यांनी बघेल.

आता कोडं तिच्यापुढं उलगडायला लागलं. माळ घालणाऱ्याला खरं नाव ठाऊक नाही, एवढं तिला सकाळीच कळलं होतं. म्हणजे डॉक्टर सुटले आणि तो आजारी गडीही सुटला. चोर बाहेरचाच. त्यानं काय पाहिलं असणार? वेगळा ठेवलेला पेला. हुंगला असणार, अफूचा वास आला असणार. पण त्यावरून थेट बब्रुवान? सात गड्यांमधून बब्रुवानच?

वेगळा पेला कुणाचा, हे ज्याच्या मते विचारायचीसुद्धा गरज नसते, तोच माणूस.

औषधाची वेळ सोडून आतल्या खोलीत येऊन बसणारी माणसं तीन. चांगुणा, झाडलोटीला. उपकप्तान ज्ञानोबा, गुडघा शेकायला. बब्रुवान गेला तर कप्तानपद त्याचंच. आणि आबाराव मास्तर, रोजच्या चहाला. मास्तरांवर तिचा राग होताच, पण राग म्हणजे पुरावा नव्हे. तिनं चहाचं आधण ठेवलं आणि खिडकीतला पेला खसखसून धुतला.

४

पहिली आली चांगुणा. गजराबाईनं जर्मनच्या पेल्यात चहा ओतून पुढं केला. चांगुणा दोन पावलं मागं सरली.

"बाई, येडं लागलं का काय? ह्यो त्या कडू औषदाचा पेला न्हवं का? तुमीच म्हनला व्हता हात लावू नगं. मला घुमरी याची!"

"अगं, धुतलाय मी."

"धुतला तर तुमीच प्या!" असं म्हणून चांगुणानं फळीवरचा स्टीलचा पेला घेतला.

मग ज्ञानोबा आला. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसला. गजराबाईचा त्याच्यावर चांगलाच संशय होता. त्यानं पेला घेतला, फुर्रकन चहा ओढला आणि बाहीला तोंड पुसलं. "शिष्टर, साखर कारखान्याचा दवाखाना हाय आन् साखर कमी! जरा टाका की." मग एकदम गंभीर झाला. "बब्रुवानला काडलं तर म्या खेळत न्हाय. सांगून ठिवतो. आमी एका ताटात जेवलेली मानसं हाव."

शेवटी आबाराव आले. नेहमीच्या खुर्चीत टेकले, टोपी मांडीवर ठेवली. "सिस्टर, रागावू नका. मी सकाळी बोललो ते संघाच्या काळजीनं."

"राग कसला, मास्तर? चहा घ्या."

आबारावांनी हात पुढं केला आणि पेल्याकडं पाहिलं. हात तिथंच थांबला.

"नको, नको. आज उपास आहे माझा."

"चहाला काय होतंय?"

"कडक आहे उपास." ते उठलेच. "येतो मी. मैदानावर भेटू."

गजराबाई दारात उभी राहून बघत राहिली. समोर कारखान्याचं कँटीन. आबाराव तिथल्या बाकावर बसले. थोड्या वेळानं पोऱ्यानं त्यांच्यापुढं भज्यांची बशी आणि कपभर चहा ठेवला.

रोज हा माणूस याच खोलीत, तिच्याच हातचा चहा पीत आला होता, पण स्टीलच्या पेल्यातून. आपण विटाळ मानत नाही, असं चारचौघांत सांगायचाही. म्हणजे आज अडलं होतं ते तिच्या हातामुळं नव्हे, त्या पेल्यामुळं. त्या एका पेल्यात चांगुणाला औषध दिसलं, ज्ञानोबाला चहा दिसला, आणि आबारावांना बब्रुवान दिसला.

चोर सापडला. पण भर सभेत गजराबाई काय सांगणार? 'मास्तर, पेला बब्रुवानचा नव्हता' असं? मग लोक विचारणार, कुणाचा होता? दार दिसत होतं, पण कडी बाहेरून होती. ती मैदानाकडं निघाली तेव्हा तिनं जर्मनचा पेला पदराखाली घेतला होता. त्याचं काय करायचं ते अजून ठरत नव्हतं.

५

मैदानावर सगळे जमले होते. नानासाहेब खुर्चीवर, सात गडी रेघेवर उभे. तारेवरचा बनियन माळेसकट तसाच. सखूबाई पार मागं, एकटी.

"बोला डॉक्टर," नानासाहेब म्हणाले.

"माझ्याकडं बोलण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"सिस्टरबाई?"

"मी कुणाचं नाव घ्यायची न्हाय, साहेब. आहे म्हणायची न्हाय आणि नाही पण म्हणायची न्हाय. मला फक्त एक विचारायचंय." तिनं मान वळवली. "आबाराव मास्तर, माळ तुम्हीच घातलीत ना?"

गलका उडाला. आबारावांचा चेहरा लाल झाला, पण ते डगमगले नाहीत. "हो, घातली! लपवायचं काय त्यात? संघाला कीड लागली होती आणि नियमाच्या नावाखाली ती झाकली जात होती. हायवेवरनं बोंडं आणली आणि उघड केलं. मी संघ वाचवला!"

"बब्रुवानच, हे कशावरून?"

"पुरावा पाहिलाय मी, माझ्या डोळ्यांनी. दवाखान्याच्या खिडकीत पेला होता. अफूचा वास मारत होता."

गजराबाईनं पदराखालून पेला काढला. "हा?"

"हाच."

"ह्याच्यावर नाव आहे का कुणाचं?"

"नाव कशाला पाहिजे? वेगळा ठेवलेला होता!"

"वेगळा होता, खरं आहे. मीच ठेवला. पण मास्तर, वेगळा ठेवलेला पेला बब्रुवानचाच, हे कशावरून?"

आबारावांना आता घरचा गोठा आठवला असावा. उत्तर तर अगदी जिभेवर होतं, उभ्या आयुष्यात त्यावर शंका घ्यायची वेळ आली नव्हती. पण ते भर मैदानात म्हणायचं कसं? कायद्यानं गुन्हा, आणि समोर बौद्धवाड्यातली निम्मी माणसं, कारखान्याचे सभासद. दिवसभर गजराबाई जिथं कोंडली होती, तिथं आता मास्तर कोंडले गेले.

"सांगा की, मास्तर," रेघेवरून ज्ञानोबा म्हणाला. "आमालाबी कळू द्या."

सगळ्यांना उत्तर कळलं होतं. नानासाहेबांनी मान खाली घातली, कारण असा एक पेला त्यांच्याही वाड्याच्या देवडीत होता, आणि तो त्यांनी आजवर कधी पाहिला नव्हता, रोज पाहूनही.

"माझी चूक झाली असेल," आबाराव घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि लगेच उसळले. "मग हा नसेल तर दुसरा कोण? रेघेवर उभ्या असलेल्या सातांतलाच आहे ना कुणीतरी? सांगा, कुणाचा हा पेला?"

गजराबाईला हेच, हेच टाळायचं होतं. गर्दीचे डोळे रेघेवरून एकेका तोंडावर सरकायला लागले. त्यातलं एक तोंड पांढरंफटक पडत चाललं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर सगळ्यांना दिसलं असतं.

तेवढ्यात बब्रुवान पुढं आला. त्यानं गजराबाईच्या हातातला पेला घेतला. खेळाडूंच्या रांजणात बुडवला. दुष्काळाचं पाणी ते, टँकरचं, गढूळ. घटाघटा प्यायला.

"ह्यो माजा पेला हाय," तो म्हणाला आणि पुन्हा भरून त्यानं तो ज्ञानोबाला दिला.

ज्ञानोबा प्यायला. "माजाबी हाय."

मग सिदू, धनगराचा पोरगा, लाजरा, कधी चार शब्द न बोलणारा. तोही प्यायला आणि म्हणाला, "माजा." पेला हातोहात पुढं जात राहिला. प्रत्येक जण तोंड लावून प्यायला, प्रत्येकानं तेच म्हटलं. त्यातल्या एकाचा हात कापत होता. पण पेला भरलेला होता आणि ऊन तोंडावर होतं, कुणाच्या ते लक्षात आलं नाही. एकट्या गजराबाईच्या आलं, आणि कदाचित बब्रुवानच्या.

शेवटच्या गड्यानं पेला पुन्हा भरला आणि आबारावांपुढं धरला. "घ्या मास्तर. च्या न्हाय, पानी हाय. उपासाला चालतंय."

आबाराव पेल्याकडं बघत राहिले. मग ते वळले, तारेपाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बनियनवरची माळ काढली. पाणी काही ते प्यायले नाहीत. टोपी डोक्यावर घातली आणि तामलवाडीच्या रस्त्याला लागले. तेवढंच जमलं त्यांना.

"बब्रुवान कप्तान आहे," नानासाहेब खुर्चीवरून उठत म्हणाले. "आणि नियम आहे तसाच राहील."

गजराबाई गर्दीतून वाट काढत मागं गेली. सखूबाईनं तिचा हात पुन्हा धरला.

"पोरी," म्हातारी म्हणाली, "माझ्या लेकाचं नाव असतं, तरीबी तू अशीच गप बसली असतीस?"

"व्हय, मावशी."

"बरं केलंस मग."

६

येरमाळ्याचा सामना कोण जिंकलं, ते तिकडं कुणालाही विचारा, अजून सांगतात. मला सांगायचंय ते त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी सात गडी नेहमीप्रमाणं एकेक करून पडद्याआड येत होते. फळीवरचे स्टीलचे सहा पेले गायब होते, चांगुणाच्या घरी गेले होते ते. खिडकीत सात पेले ओळीनं पालथे घातलेले, सगळे जर्मनचे, सगळे सारखे.

ज्याला कडू औषध घ्यायचं होतं, तो आत आला आणि गोंधळून उभा राहिला.

"शिष्टर," तो अगदी हळू म्हणाला, "माजा कोन्ता?"

गजराबाईनं औषधाची बाटली उघडली. आज एक थेंब कमी घालायचा होता.

"कुठलाबी घे," ती म्हणाली.